काटा चालू, पोर्ट दिसतो, तरी वजन येत नाही: व्हर्च्युअल कॉम पोर्टचं दुखणं कुठून शोधायचं

इंदूरच्या सांवेर रोडच्या डाळ मिलमधला इलेक्ट्रॉनिक काटा, पीथमपूरच्या वर्कशॉपातली जुनी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारी मशीन, एखाद्या प्रयोगशाळेतलं वीस वर्षांचं मोजयंत्र. यंत्रं वेगळी, पण मला येणारा फोन एकच. यंत्र उत्तम चालतंय. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला, त्याला मागे ९ पिनांचा सीरियल पोर्ट नाही. म्हणून यूएसबी-सीरियल केबल लावली, कॉम पोर्ट (विंडोज सीरियल जोडणीला देतं ते नाव, जसं कॉम ५) दिसायलाही लागला, तरी आकडा काही येत नाही. किंवा येतो, थोडे दिवस नीट चालतो आणि ऐन गाड्यांच्या रांगेत बंद पडतो.

खालचा क्रम विंडोज १० आणि ११ धरून लिहिला आहे. लिनक्सवाल्यांसाठी मध्ये थोडं आहे.

लक्षणं

- प्रोग्राम सुरू करताच "पोर्ट उघडता येत नाही" किंवा "ॲक्सेस डिनाइड" येतं.
- प्रोग्रामच्या यादीत कॉम १ ते कॉम ४ एवढेच आहेत आणि तुमची केबल कॉम ११ वर बसली आहे.
- पोर्ट उघडतो, चूक दाखवत नाही, पण वजनाच्या चौकटीत शून्य किंवा नुसती रिकामी जागा.
- आकड्यांऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हं, भलतीच अक्षरं. किंवा काही आकडे बरोबर आणि काही बिघडलेले.
- केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली तेव्हापासून बंद.
- सकाळी चालतं, दुपारी अडकतं, केबल काढून लावली की पुन्हा चालतं.
- काटा चालू ठेवून कॉम्प्युटर सुरू केला की माउसचा बाण आपोआप पळतो, भलतीकडे क्लिक होतात.
- डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण, "कोड १०".

आधी एवढं समजून घ्या

केबल लावल्यावर दिसणारा कॉम पोर्ट काट्यामुळे दिसत नाही, तो केबलच्या टोकात बसवलेल्या चिपमुळे दिसतो. पलीकडे काटा चालू असो, बंद असो की केबल नुसती टेबलाखाली लोंबकळत असो, कॉम ५ तिथे तेवढ्याच ऐटीत उभा असतो. दारावर पाटी आहे म्हणून घरात माणूस आहे असं होत नाही.

म्हणून मी रस्त्याचे तीन तुकडे करतो: काट्यापासून केबलच्या चिपपर्यंत, चिपपासून विंडोजपर्यंत आणि विंडोजपासून प्रोग्रामपर्यंत. पुढची प्रत्येक तपासणी यातल्या एखाद्या तुकड्यावरचा संशय दूर करते. बहुतेक लोक ड्रायव्हर काढतात, टाकतात, परत काढतात. म्हणजे फक्त मधल्या तुकड्याशी झुंजतात. माझ्या पाहण्यात दोष जास्त करून दोन टोकांना असतो.

फुकटच्या तपासण्या

पहिली तपासणी काट्याजवळ उभं राहून करायची. काट्याच्या डिस्प्ले पेटीला, म्हणजे इंडिकेटरला, डेटा पाठवण्याच्या दोन-तीन पद्धती असतात: सतत पाठवणं, वजन स्थिर झाल्यावर पाठवणं, किंवा प्रिंटचं बटण दाबल्यावरच पाठवणं. वीज गेली-आली किंवा कुणी सेटिंगमध्ये बोट घातलं की ही पद्धत बदललेली असू शकते. मुनीमजी सतत आकड्याची वाट पाहताहेत आणि काटा बटणाची वाट पाहतोय, असं हे प्रकरण. वजन ठेवून प्रिंट दाबून पाहा. आकडा आला तर कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही.

दुसरी, "ॲक्सेस डिनाइड"ची. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. बिलिंगचा प्रोग्राम खिडकी बंद केल्यावरही मागे जिवंत राहिलेला असतो, किंवा कुणीतरी तपासायला उघडलेलं टर्मिनल, म्हणजे पोर्टवरचा डेटा दाखवणारा प्रोग्राम, तसंच असतं. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन तो प्रोग्राम संपवा. सापडत नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू केलं तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे ड्रायव्हरची जुनी अवस्था तशीच परत येऊ शकते, म्हणून रीस्टार्टच करा.

नंबरचा घोळ

यावर जरा थांबतो, कारण "दुसऱ्या खाचेत लावली आणि बंद पडलं" या तक्रारीचं मूळ इथे आहे.

केबलमधल्या चिपला स्वतःचा सीरियल क्रमांक असेल तर ती कोणत्याही यूएसबी खाचेत लावली तरी विंडोज तिला ओळखतं आणि तोच कॉम नंबर देतं. एफटीडीआय कंपनीच्या चिपला सहसा असा क्रमांक असतो. स्वस्त केबलमधल्या सीएच३४० या चिपला नसतो. मग विंडोज खाचेवरून ओळख ठरवतं. खाच बदलली की त्याच्या लेखी ही नवी केबल, म्हणून नवा नंबर. जुना नंबर मात्र राखून ठेवलेला राहतो. असं करत करत नंबर कॉम १० च्या पुढे जातो. ब्लूटूथचा आणखी ताप: फोन किंवा हेडफोन जोडला की तोही गुपचूप एक-दोन कॉम नंबर अडवून बसतो.

कॉम १० च्या पुढे का अडतं? विंडोजमध्ये कॉम ९ पर्यंतचा पोर्ट नुसत्या नावाने उघडता येतो. १० पासून पुढे नावाआधी \\.\ अशी खूण द्यावी लागते आणि जुन्या प्रोग्राममध्ये ती नसते. काही प्रोग्रामांच्या यादीत तर चारच पोर्ट असतात, कारण ते लिहिले तेव्हा कॉम्प्युटरला त्याहून जास्त पोर्ट क्वचितच असायचे.

उपाय असा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, "व्ह्यू"मधून लपलेली उपकरणं दाखवा. "पोर्ट्स" खाली फिकट रंगाचे जुने पोर्ट दिसतील. ते एकेक अनइन्स्टॉल करा, पण नाव वाचून. मग आपल्या केबलच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन प्रोग्रामला हवा तो नंबर द्या. नंबरापुढे "वापरात आहे" असं लिहिलं असलं तरी तो खरोखर वापरात असतोच असं नाही. फिकट पोर्ट काढून झाले असतील आणि प्रत्यक्षात त्या नंबरचं काही जोडलेलं नसेल तर बेधडक निवडा. शेवटी त्या यूएसबी खाचेवर रंगीत टेप लावा आणि मुलांना सांगा की इथे पेन ड्राइव्ह लावायची नाही.

बॉड रेट आणि पॅरिटी

भलती अक्षरं दिसताहेत म्हणजे आनंदाची गोष्ट आहे: वायर जुळली आहे, डेटा येतोय, फक्त दोघांचा वेग (बॉड रेट) किंवा अक्षरातल्या बिटांची मांडणी जमत नाहीये. काट्यावर २४०० असेल आणि प्रोग्राममध्ये ९६०० तर सगळंच बिघडलेलं दिसेल. इंडिकेटरच्या मॅन्युअलमध्ये वेग, डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट), स्टॉप बिट हे चारही सापडतात. मॅन्युअल नसेल तर १२०० पासून ९६०० पर्यंत एकेक वेग चढत्या क्रमाने लावून पाहा.

काही आकडे बरोबर आणि काही बिघडलेले, हे मात्र वेगाचं लक्षण नाही. काटा ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीने पाठवत असेल आणि प्रोग्राम ८ बिट, बिनपॅरिटी वाचत असेल तर ०, ३, ५, ६ आणि ९ बरोबर दिसतात. १, २, ४, ७ आणि ८ बिघडतात. कारण साधं आहे. दुसऱ्या गटातल्या आकड्यांच्या कोडमध्ये १ ची संख्या विषम आहे. त्यांची पॅरिटी जुळवायला काटा आठव्या जागी १ टाकतो आणि प्रोग्राम तो अक्षराचाच भाग समजतो. अशी विभागणी दिसली की बाकी काही न पाहता थेट ७ बिट, इव्हन करून टाका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ९६०० किंवा २४०० बदलून बहुधा काहीही होत नाही. प्रोग्राम पोर्ट उघडताना स्वतःचा वेग स्वतः लावतो. बदल प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये करा.

वायरच्या तुकड्याची परीक्षा

आता थोडा हात चालवावा लागेल. केबल काट्यापासून काढा. पुट्टी नावाचा फुकट प्रोग्राम उघडा, सीरियल निवडा, आपला कॉम नंबर द्या, फ्लो कंट्रोल "नन" करा. केबलच्या ९ पिनांच्या टोकातल्या २ आणि ३ नंबरच्या पिना वायरच्या छोट्या तुकड्याने एकमेकींना जोडा आणि कीबोर्डवर काहीही टाइप करा. २ वर कॉम्प्युटर ऐकतो, ३ वर बोलतो. त्यामुळे टाइप केलेलं अक्षर परत पडद्यावर आलं पाहिजे. वायर काढली की अक्षरं थांबली पाहिजेत.

अक्षरं आली तर चिप, ड्रायव्हर, विंडोज सगळे निर्दोष. यापुढे ड्रायव्हरचं नावही काढू नका. दोष काट्याकडच्या वायरमध्ये किंवा प्रोग्राममध्ये आहे. अक्षरं आली नाहीत तर दोष तुमच्याच टेबलावर आहे, काटेवाल्याला बोलावून त्याची फेरी फुकट घालवू नका.

प्रोग्राम मुका आणि पुट्टीत आकडे येताहेत, असंही होतं. जुने प्रोग्राम समोरच्या यंत्राने "मी तयार आहे" असा इशारा दिल्याशिवाय हलत नाहीत आणि काट्याकडून येणाऱ्या केबलमध्ये तीनच वायरी असतात. तेव्हा कॉम्प्युटरकडच्या कनेक्टरमध्ये ७ ला ८ शी, आणि ४ ला ६ व १ शी जोडून इशारा आपणच द्यायचा. सोल्डरिंग येत असेल तर दहा मिनिटांचं काम.

केबल आणि ड्रायव्हर

पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसला, केबल प्रोलिफिक कंपनीच्या पीएल२३०३ चिपची आणि बरीच जुनी, तर बहुतेक वेळा कारण ठरलेलं. कंपनीने जुन्या चिपांचा आधार नव्या विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढून टाकला. काही ड्रायव्हर तर उपकरणाच्या नावाच्या जागीच लिहितात की ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला भेटा. जुना ड्रायव्हर शोधून बळेच बसवता येतो, पण विंडोज अपडेट तो पुन्हा बदलतं आणि तुम्ही पुन्हा इथेच. नकली चिपांचीही हीच गत. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने तर नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि चालू केबला एका दिवसात निकामी झाल्या होत्या. माझं मत स्पष्ट आहे: यात संध्याकाळ घालवू नका. जेल रोडवरून खात्रीच्या दुकानातून चांगल्या चिपची केबल घ्या, बिल घ्या.

दुपारी अडकणाऱ्या केबलचं कारण बहुधा वीज वाचवणं. पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू देणारी खूण काढा. बिनअडॅप्टरचा यूएसबी हब मध्ये असेल तर तोही काढा.

पळणारा माउस पाहून सगळे व्हायरस समजतात. खरं असं आहे की विंडोज सुरू होताना कॉम पोर्टवर कोणी सीरियल माउस आहे का ते बघतं, आणि सतत आकडे ओकणारा काटा त्याला माउस वाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट" दिसेल, त्यावर डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी परत येईल. एफटीडीआयच्या केबलमध्ये ॲडव्हान्स्ड खाली "सीरियल एन्युमरेटर"ची खूण काढूनही हे थांबतं. तिथेच "लेटन्सी टायमर" आहे, म्हणजे चिप थोडा डेटा किती वेळ धरून ठेवते ते, मूळचा १६ मिलिसेकंद. छोटे निरोप उशिरा पोचत असतील तर तो कमी करून बघा.

बिनकेबलची जोडी

हे जरा वरच्या पायरीचं. एकाच काट्याचं वजन बिलिंगला पण हवं आणि गेट पासच्या प्रोग्रामला पण, किंवा काटा आणायच्या आधी प्रोग्राम तपासायचा आहे, तेव्हा कॉम०कॉम सारखं फुकट साधन वापरतात. ते दोन खोटे पोर्ट बनवतं, जणू आतून उलटसुलट केबलने जोडलेले. एकात लिहिलं की दुसऱ्यात निघतं. त्याच्याच जोडीचं हबफॉरकॉम एका खऱ्या पोर्टचा डेटा अनेक खोट्या पोर्टांना वाटतं.

इथे चुका तीन जागी होतात. पहिली: दोन्ही प्रोग्रामांना जोडीचं एकच टोक दिलेलं असतं. तपासताना एकाला एक टोक, दुसऱ्याला दुसरं; वजन वाटताना प्रत्येक प्रोग्रामला वेगळी जोडी, तिचं दुसरं टोक हबफॉरकॉमला. दुसरी: जोडी बनवली, पण खऱ्या केबलशी तिला जोडणारा हबफॉरकॉम सुरूच नाही; कॉम्प्युटर सुरू होताना तो आपोआप सुरू होईल अशी सोय करावी लागते. तिसरी सगळ्यात फसवी: कॉम०कॉम मूळ सेटिंगमध्ये बॉड रेटची नक्कल करत नाही. एका टोकाला २४०० आणि दुसऱ्याला ९६०० लावलं तरी डेटा चोख जातो. म्हणून "जोडीवर चाललं, काट्यावर का नाही" म्हणणाऱ्याने आधी वेग आणि पॅरिटी तपासावी.

याच्या काही आवृत्त्यांचा ड्रायव्हर सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सुरक्षा) चालू असताना विंडोज घेत नाही. त्यासाठी विंडोज टेस्ट मोडमध्ये, म्हणजे ही सुरक्षा सैल करून, चालवायला सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्या कॉम्प्युटरवर पैशाचा हिशेब आहे तिथे ते करू नका. योग्य सही असलेली आवृत्ती शोधा किंवा पैसे देऊन व्यावसायिक साधन घ्या.

लिनक्सवर खोट्या पोर्टांची जोडी बनवायचं काम सोकॅट नावाचा प्रोग्राम करतो. तिथे पोर्ट उघडत नसेल तर आधी आपला यूजर डायलआउट (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात आहे का बघा. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ची केबल लावताच गायब होत असेल तर ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम ती पळवतोय. ब्रेल वापरत नसाल तर तो काढून टाका.

विंडोजच्या आधीच्या डॉसचे प्रोग्राम अजून चालवणारेही आहेत. ते विंडोजला विचारत नाहीत, थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर जातात. यूएसबी केबलला तो पत्ताच नसतो, आणि ६४ बिट विंडोजवर ते मुळात उघडतच नाहीत. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवून त्याच्या सीरियल १ ला खरा कॉम पोर्ट नेमून द्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुनी विंडोज एक्सपी ठेवली असेल तर एकच रस्ता निवडा: एक तर होस्टचा, म्हणजे बाहेरच्या विंडोजचा, कॉम पोर्ट द्या, नाहीतर अख्खी यूएसबी केबल आत द्या. आत दिली की ती बाहेरच्या विंडोजला दिसणार नाही, यात बिघाड काही नाही.

नेटवर्कवरून सीरियल आणणारा डबा असेल आणि राउटर बदलल्यावर बंद पडला असेल तर बहुधा त्याचा आयपी पत्ता बदललाय. कायमचा पत्ता बांधून द्या.

मल्टीमीटर असेल तर

दोन्ही टोकं एकमेकांपासून सोडवा. आधी कॉम्प्युटरकडच्या टोकावर, मग काट्याच्या कनेक्टरवर, ५ नंबरच्या (ग्राउंडच्या) पिनेच्या तुलनेत २ आणि ३ चं डीसी व्होल्टेज मोजा. शांत असताना बोलणाऱ्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसतं. एकीकडे ३ वर आणि दुसरीकडे २ वर उणे आलं तर सरळ केबल हवी. दोन्हीकडे एकाच नंबरवर उणे आलं तर दोघेही एकाच वायरीवर बोलताहेत, उलटसुलट केबल लागेल. उणेऐवजी अधिक ३.३ किंवा अधिक ५ दिसलं तर ते आरएस-२३२, म्हणजे या सीरियल पोर्टचं मानक, नाहीच; टीटीएल, म्हणजे सर्किटच्या आतला कमी व्होल्टचा सिग्नल, आहे. त्याला ही केबल लावू नका, पलीकडची चिप जळेल.

केबल किती लांब आहे तेही बघा. आरएस-२३२ साठी १५ मीटर ही जुनी मर्यादा. वेग कमी असेल तर त्याहून लांब ओढता येते, पण गेटपासून ऑफिसपर्यंत शंभर मीटर ओढून ती भरवशाची राहात नाही. तिथे दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे, म्हणजे लांब अंतराच्या मानकाचे, कन्व्हर्टर लावा.

इथे थांबा

काट्यावर नापतौल विभागाची सील असते. ती तोडून आत हात घालू नका. काटा पुन्हा पडताळून शिक्का घ्यावा लागतो, आणि तोवर त्यावर विक्री करणं हा वैध मापनशास्त्र कायदा २००९ खाली गुन्हा आहे. परवानाधारक दुरुस्तीवाल्यालाच बोलवा.

केबल लावायच्या आधी काट्याकडून आलेल्या केबलचं धातूचं आवरण आणि कॉम्प्युटरची बॉडी यांमध्ये एसी व्होल्टेज मोजा. काही व्होल्टही दिसले तर केबल लावू नका. काट्याची केबिन आणि ऑफिस यांचं अर्थिंग वेगळं असतं, आणि माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळली की अर्थिंग कमजोर होतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं. नंतर मध्ये आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा डबा, लावता येतो. वीज कडाडून गेल्यानंतर काटा मुका झाला असेल आणि कॉम्प्युटरकडची २-३ ची परीक्षा पास होत असेल तर बहुधा इंडिकेटरमधली सीरियल चिप गेली आहे. तेही तुमचं काम नाही.

सीएनसीच्या कंट्रोलरची बॅटरी, मेमरी किंवा पॅरामीटर यांना पोर्ट चालवण्याच्या नादात हात लावू नका. पॅरामीटर पुसले गेले तर मशीनच उभी राहील. कनेक्टरवर "करंट लूप" किंवा "२० एमए" (व्होल्टऐवजी करंटने डेटा पाठवणारी वेगळी पद्धत) लिहिलं असेल तरी तिथेच थांबा. आणि दवाखान्यातलं, पेशंटला जोडलेलं यंत्र असेल तर यातली कुठलीच तपासणी तुम्ही करायची नाही.

तंत्रज्ञाला फोन करताना एवढं सांगा: इंडिकेटरचं मॉडेल, केबलमधली चिप, कॉम नंबर, वेग आणि पॅरिटी, २-३ जोडून अक्षरं आली की नाही, आणि कोणत्या पिनेवर उणे व्होल्ट दिसले. मग तो योग्य केबल बरोबर घेऊनच निघेल.